पॉडकास्टसाठी ऑनलाइन जमवलेली माहिती लावायची कशी?

प्रश्न असा आहे. दोघं मित्र मिळून मराठीत इतिहासावर पॉडकास्ट करतात. एका भागासाठी दीडदोनशे लिंका गोळा होतात. काही ब्राउझरच्या टॅबमध्ये, काही स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप केलेल्या, काही स्क्रीनशॉटमध्ये अडकलेल्या. माइकसमोर बसलं की नेमकं हवं ते सापडत नाही. भाग गेल्यावर कुणी ‘हे कुठं वाचलंत?’ विचारलं, की दोघं एकमेकांकडे बघत बसतात. तर झोटेरो (संदर्भ साठवायचं अ‍ॅप) घ्यावं, नोशन (नोंदी ठेवायचं अ‍ॅप) घ्यावं, की साधी शीट पुरेल?

अ‍ॅपचं शेवटी सांगते, ते दहा मिनिटांचं काम आहे. दुखणं दुसरीकडे आहे. मी हे काम नऊ वर्षं करतेय, आधी दुसऱ्यांच्या कार्यक्रमांसाठी आणि आता स्वतःच्या. पहिली तीन वर्षं माझंही हेच चाललं होतं. तुम्ही लिंका जमवताय. लिंक म्हणजे दुकानाचा पत्ता. तिथून काय घेतलं, केवढ्याला घेतलं, हे पत्त्यावरून कळत नाही. माइकसमोर आपण लिंक वाचत नाही, वाक्य बोलतो. म्हणून जमवायचं ते वाक्य, आणि त्याला टाचलेली पावती.

हे मला कळलं ते फजिती झाल्यावर. १८९७ च्या पुण्यावर एक भाग केला होता: प्लेग, रँडचा खून, टिळकांवरचा खटला. त्यात मी ठणकावून सांगितलं की ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या अग्रलेखाबद्दल टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. शाळेपासून डोक्यात बसलेलं वाक्य, तपासायचं सुचलंच नाही. चौथ्या दिवशी एका निवृत्त वकिलांची मेल आली, जेमतेम चार ओळींची. खटला ज्या मजकुरावर झाला तो १५ जूनच्या ‘केसरी’तला, तुम्ही म्हणता तो अग्रलेख ६ जुलैचा, निकालपत्र वाचा, ताई.

वाचलं. हे निकालपत्र कायद्याच्या अहवालांत छापलेलं आहे आणि ऑनलाइन मिळतं. मी ते कधी उघडलंच नव्हतं. राजद्रोहाचा आरोप होता ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत यांवर. म्हणजे मजकूर छापून आला १५ जूनला, आणि गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या सुटल्या २२ जूनच्या रात्री. बरोबर सात दिवस. तो गाजलेला अग्रलेख या सगळ्यानंतरचा. टिळकांना अटक २७ जुलैला मुंबईत, शिक्षा १४ सप्टेंबरला. ज्यूरीत नऊ जण, निकाल सहा विरुद्ध तीन. आणि न्यायमूर्ती स्ट्रेचींनी ज्यूरीला सांगताना राजद्रोहाच्या कलमातल्या ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला. सरकारवर प्रेम नसलं तरी पुरे! हे सगळं माझ्या भागात हवं होतं आणि मी त्याजागी पाठ्यपुस्तकी वाक्य ठोकून मोकळी झाले होते.

चूक कशी झाली ते शोधायला मी जुन्या लिंका पुन्हा उघडल्या. ते वाक्य सात ठिकाणी होतं, आणि सात ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार असं मी धरून चालले होते. ओळीनं ठेवून वाचल्यावर दिसलं की सातांपैकी तिघांत एकाच शब्दाचं शुद्धलेखन एकसारखं चुकलंय. एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उचललं. त्या तिन्ही लिंका मिळून साक्षीदार एकच, आणि त्यानंही काही पाहिलेलं नव्हतं. तेव्हापासून एकच चूक दोन ठिकाणी दिसली की मी ते दोन स्रोत एकच मोजते.

आता माझी पद्धत. शोधाला बसायच्या आधी संगणक बंद ठेवून कागदावर दहाबारा प्रश्न लिहायचे. ऐकणाऱ्याला पडतील असे, संशोधकाला पडतील असे नव्हे. प्लेगच्या भागाचे माझे प्रश्न साधारण असे होते: हा प्लेगच आहे हे मुंबईत पहिल्यांदा कुणी ओळखलं? लोकांच्या घरात शिरायचा अधिकार सरकारला कुठल्या कायद्यानं मिळाला? लस होती की नव्हती? गोरे सोल्जर नेमकं काय करत होते, आणि हे सांगतंय कोण? रँड कोण होता, कलेक्टर की आणखी कुणी? टिळक आत का गेले? फोल्डर या प्रश्नांचे करायचे, वेबसाइटींचे नाही. ‘आर्काईव्हवरचं’, ‘पेपरातलं’, ‘यूट्यूब’ असे फोल्डर केले की माल कुठून आला ते कळतं, कशासाठी आणला ते विसरतं.

प्रश्न हातात असले की शोध भरकटत नाही. पहिल्याचं उत्तर पटकन मिळालं: डॉ. अकासिओ व्हिएगस, मांडवी भागातले रुग्ण, २३ सप्टेंबर १८९६. दुसऱ्याचं उत्तर साथरोग कायदा, ४ फेब्रुवारी १८९७. आणि शोधता शोधता हेही आठवलं की २०२० साली कोविडमध्ये हाच कायदा पुन्हा बाहेर काढला होता. भागाची सुरुवात मला तिथेच सापडली. तिसऱ्यात हाफकिन: मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. म्हणजे पुण्यात झडत्या सुरू झाल्या तेव्हा लस अस्तित्वात होती. हे दोन प्रश्नांचे फोल्डर शेजारी ठेवल्यावरच लक्षात येतं, सुट्या लिंकांतून नाही.

मग शीट. एका भागाला एक गूगल शीट, एक ओळ म्हणजे एक विधान. रकाने इतकेच: क्रमांक, विधान, घटनेची तारीख, कुठून घेतलं, पान, मूळ शब्द, रंग, उच्चार, शंका. माझ्या त्या दुरुस्त केलेल्या शीटमधली एक ओळ जशीच्या तशी देते. तिच्यातला आयर्स्ट म्हणजे त्याच रात्री गोळी लागलेला लेफ्टनंट.

क्रमांक २३. विधान: आयर्स्ट जागीच गेला, रँड मात्र दहाबारा दिवस जगला आणि ३ जुलैला गेला. तारीख: २२ जून आणि ३ जुलै १८९७. कुठून: त्या वेळच्या वर्तमानपत्रातली तार, दुवा आणि जतन केलेल्या प्रतीचा दुवा, शिवाय एक चरित्रग्रंथ. पान: छापील आणि स्कॅनचं, दोन्ही. मूळ शब्द: तारेतलं वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं. रंग: हिरवा. उच्चार: आयर्स्ट. शंका: बऱ्याच ठिकाणी ‘रँडला २२ जूनला ठार केलं’ असं आहे, बोलताना फरक सांगायचा.

विधान बोलायच्या भाषेत लिहायचं, हे महत्त्वाचं. ‘सदर अधिकाऱ्याचे दिनांक ३ जुलै रोजी निधन झाले’ असं शीटमध्ये लिहिलंत तर संहितेतही तेच उतरतं आणि भाग सरकारी परिपत्रकासारखा वाजतो. आणि एका ओळीत एकच गोष्ट. ‘रँड निर्दयी होता आणि त्यानं घरं जाळली’ ही एक ओळ नाही. तिच्यात एक मत आहे आणि एक घटना आहे, दोन्हींच्या पावत्या वेगळ्या.

‘मूळ शब्द’ या रकान्याचा आळस करू नका. वाचताना आपण नकळत आपल्या भाषेत बदलून घेतो आणि महिन्याभरानं ते आपलं वाक्य आहे की पुस्तकातलं, हे आपल्यालाच सांगता येत नाही. पुढं कुणी चोरीचा आळ घेतला तर हाच रकाना वाचवतो. मी मूळ शब्द निळ्या अक्षरात ठेवते, माझे काळ्या.

रंग तीन. हिरवा म्हणजे त्या काळचा कागद मी स्वतः डोळ्यांनी पाहिलाय, किंवा एकमेकांवर न बेतलेले दोन स्रोत तेच सांगतात. पिवळा म्हणजे एकच पण भरवशाचा लेखक सांगतो. लाल म्हणजे सगळीकडे आहे आणि मूळ सापडत नाही. लाल ओळ टाकून द्यायची असं मुळीच नाही. बोलायची तऱ्हा बदलायची. ‘गोंद्या आला रे’ ही खूण घ्या. प्रत्येकाला तोंडपाठ, कुठं एकदा ‘आला’, कुठं दोनदा, त्यात या प्रकरणावर चित्रपटही निघून गेलेला, त्यामुळे लोकांच्या कानात तो आवाजच बसलाय. मी भाग केला तेव्हा ती ओळ लालच राहिली, म्हणून मी म्हटलं, ‘गाडी दिसल्यावर ‘गोंद्या आला रे’ अशी हाक दिली गेली, असं सांगतात.’ ‘असं सांगतात’ हे दोन शब्द म्हणजे आपल्या धंद्यातली तळटीप. ऐकणाऱ्याला ती बरोबर ऐकू येते, फक्त दर वाक्याला वापरली तर किंमत जाते.

शोधण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण मराठी विषयांत खरी दमछाक तिथं होते.

जुन्या वर्तमानपत्रांसाठी ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ ही दोन फुकट दालनं सोडू नका. पुण्याच्या बातम्या तिकडे कशा? तारेनं. मोठी बातमी लंडनला जायची आणि तिथून साम्राज्यभर छापली जायची. मी उत्साहानं रोमन लिपीत ‘रँड’ आणि १८९७ असं टाकलं आणि समोर हजारो निकाल आले, सगळे सोन्याच्या खाणींचे. जोहान्सबर्गजवळच्या खाणपट्ट्याचं नावही तेच आणि त्या काळात तिथल्या शेअरबाजाराची बातमी रोज. अर्धा दिवस गेला. मग डोक्यात आलं की लेफ्टनंट आयर्स्टचं आडनाव दुर्मीळ आहे. ते टाकलं, जोडीला ‘पूना’ टाकलं, आणि नेमक्या तारा हाती लागल्या. तेव्हापासून माझा ठोकताळा असा की घटनेतलं सगळ्यात प्रसिद्ध नाव शोधायचं नाही, सगळ्यात विचित्र नाव शोधायचं. मात्र तार वाचताना बातमीवरची तारीख आणि अंकाची तारीख वेगवेगळ्या लिहून घ्या. आणि पहिल्या दिवशीच्या तारेवर विसंबू नका, पुढच्या आठवड्यातली त्याच विषयावरची तार शोधा.

देवनागरीत निराळीच गंमत. ‘रँड’ आणि ‘रॅंड’ पडद्यावर जवळपास सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. शिवाय ‘रॅण्ड’ आहेच. चापेकर की चाफेकर, यात तर दोन पक्ष आहेत. रोमन लिपीतली स्पेलिंगं मी सहा मोजली. म्हणून प्रत्येक भागाच्या शीटला दुसरं पान असतं, ‘नावांची रूपं’. एक नाव, त्याखाली सगळी रूपं. शोधताना एकेक चिकटवत जायचं. रोगाचंही तसंच: प्लेग, गाठीचा ताप, ग्रंथिक सन्निपात, मरी. आजच्या शब्दानं शोधलं तर आजचंच लेखन सापडतं. जुनं हवं असेल तर त्या माणसांच्या तोंडात जो शब्द होता तो टाका. इंग्रजीत पुण्याला पूना, खडकीला किर्की.

जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनमध्ये शब्द शोधायची सोय असली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका. खिळ्यांची छपाई, झिजलेला टाइप, जोडाक्षरं. यंत्राला त्यातलं निम्मंही वाचता येत नाही. ‘शून्य निकाल’ म्हणजे पुस्तकात नाही असा अर्थ होत नाही. अनुक्रमणिका आणि शेवटची सूची डोळ्यांनीच बघायची.

शकाचं एक लफडं लक्षात ठेवा. जुन्या मराठी कागदांत शके असतो. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या त्या १० मार्च १८९७ ला, म्हणजे शके १८१८. रँडवर गोळ्या झाडल्या त्या शके १८१९ मध्ये. मध्ये फक्त साडेतीन महिने, पण नुसते शके वाचले तर एका वर्षाचं अंतर वाटतं. म्हणून घटनेच्या तारखेचा रकाना इसवी सनात आणि वर्ष-महिना-दिवस अशा क्रमानं ठेवा. एक बटण दाबलं की शीट काळानुसार लागते. तेव्हा माझ्याकडे अशी लावलेली शीट असती तर वकिलांच्या मेलची गरजच पडली नसती.

माझी नेहमीची दालनं सांगून टाकते. आर्काईव्ह डॉट ऑर्गवर जुनी गॅझेटिअरं आणि भारतातल्या ग्रंथालयांतली स्कॅन केलेली असंख्य पुस्तकं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाचा डिजिटल साठा. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ब्रिटिश भारतातल्या आरोग्यविषयक अहवालांचा मोठा संग्रह ऑनलाइन ठेवलाय, त्यात प्लेगचे अहवाल आहेत. ब्रिटिश संसदेतल्या चर्चा फुकट वाचता येतात. लंडनच्या वेलकम संग्रहात मुंबई आणि कराचीच्या प्लेगची छायाचित्रं आहेत. मी एकदा भागाच्या मुखचित्रासाठी ‘पुण्यातला प्लेग’ म्हणून फिरणारा फोटो घेणार होते, मूळ नोंद उघडली तर कराची. फोटोचीही पावती लागते. त्यातच हक्कांचा एक रकाना जोडा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीपासून साठ वर्षं हक्क चालतो, पुस्तकावर लेखकाच्या आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोवरही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. जुनं गाणं वाजवायची हुक्की आली की आधी हा रकाना बघायचा.

विश्वकोश आणि विकिपीडिया कुठं बसतात? सुरुवातीला. दिशा कळायला, नावं कळायला, तळटिपा उचलायला उत्तम. पण माझ्या शीटमध्ये ‘कुठून’ या रकान्यात विकिपीडिया लिहायला मला परवानगी नाही, मीच मला दिलेली नाही. चॅटबॉटचंही तसंच. नावांची रूपं सुचवायला, लांब इंग्रजी अहवालात कुठल्या प्रकरणात काय आहे हे चाचपायला मी तो वापरते. एकदा त्याला टिळक खटल्यावरचे संदर्भ विचारले तर त्यानं पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पान सगळं दिलं. पुस्तकच अस्तित्वात नव्हतं. तो दिशा दाखवू शकतो, पावती फाडू शकत नाही.

आता पानांबद्दल, कारण इथं अनुभवी माणसंही घसरतात. स्कॅन केलेल्या पुस्तकात दोन आकडे असतात. एक पानावर छापलेला, दुसरा स्कॅनचा. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना यांची पानं धरून दोघांत दहावीस पानांचा फरक सहज पडतो. आर्काईव्हच्या पत्त्यात ‘पेज’नंतर आकड्याला ‘एन’ चिकटलेला असेल तर तो स्कॅनचा आकडा. दोन्ही लिहा. छापील पान इतरांना सांगायला, स्कॅनचं पान तुम्हाला तिथं परत पोचायला.

आणि लिंक मरते हे गृहीत धरा. एका मोठ्या दैनिकानं मध्यंतरी आपली वेबसाइट नवी केली आणि माझ्या एका मालिकेच्या चाळीसेक लिंका एका रात्रीत कोरं पान दाखवायला लागल्या. आता ज्या क्षणी ओळ शीटमध्ये जाते त्याच क्षणी ते पान वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती जतन करणारी साइट) ‘सेव्ह पेज नाऊ’ करून त्याचा दुवा शेजारी चिकटवते. अर्ध्या मिनिटाचं काम. नंतर करू म्हटलं की होत नाही. यूट्यूबवरचं भाषण असेल तर मिनिट-सेकंद लिहा, आणि ते वाक्य लगेच उतरवून घ्या. व्हिडिओ कधी खासगी होईल सांगता येत नाही.

पाहुण्यांच्या मुलाखती, आजोबांनी सांगितलेल्या आठवणी, कुणाच्या घरातली पत्रं, ही शीटमध्ये येतात पण वेगळ्या अक्षरानं: ‘ऐ’, ऐकीव. नाव सांगायची परवानगी आहे का, हेही तिथंच. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांचं काय झालं ते आठवा. ते इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं ते उघड करू शकत नव्हते आणि पुढं यायला कुणी तयार नव्हतं. जाहीर माफी मागावी लागली. सांगितलेलं खोटं होतं असा याचा अर्थ नाही. पण ज्याच्या जिवावर बोलायचं तो माणूस उभा राहील का, हे बोलायच्या आधी विचारून ठेवावं लागतं.

तुम्ही दोघं आहात हा मोठा फायदा आहे. काम निम्मं निम्मं वाटून घेऊ नका, उलटंसुलटं वाटा. एकानं ओळ आणायची, दुसऱ्यानं ती पाडायचा प्रयत्न करायचा. आणणाऱ्यानं स्वतःची ओळ हिरवी करायची नाही, तो अधिकार दुसऱ्याचा. मी एकटी आहे म्हणून मला हे तीन दिवसांचं अंतर ठेवून करावं लागतं. सोमवारी लिहिलेल्या ओळी गुरुवारी परक्या माणसासारख्या वाचायच्या. सोमवारी हिरवं वाटलेलं बरंच काही गुरुवारी पिवळं होतं.

थांबायचं कधी? सलग पाच नवी पानं वाचून शीटमध्ये एकही नवी ओळ पडली नाही, की बस्स. चाळीस मिनिटांच्या भागाला माझ्या शंभरेक ओळी होतात आणि त्यांतल्या पन्नासही बोलल्या जात नाहीत. उरलेल्यांना ‘शिल्लक’ म्हणून खाली ढकलते, पुसत नाही. हाफकिनवर पुढं जो वेगळा भाग झाला तो या शिलकीतूनच.

संहिता लिहिताना प्रत्येक वाक्यापुढे कंसात ओळीचा क्रमांक. ज्या वाक्याला क्रमांक नाही ते एक तर माझं मत आहे किंवा माझी थाप आहे. मत असेल तर ‘मला वाटतं’ म्हणायचं, थाप असेल तर काढायचं. रेकॉर्डिंगच्या वेळी समोर फक्त संहिता आणि शीट, ब्राउझर बंद. उच्चाराचा रकाना तेव्हा कामाला येतो. स्ट्रेची, आयर्स्ट, व्हिएगस ही नावं तीन वेळा तीन तऱ्हांनी म्हटली की संपादन करणारा आपल्याला शिव्या देतो, आणि आपल्याकडे संपादन करणारे बहुधा आपणच असतो. आकड्यांचंही तिथंच ठरवायचं: ‘१८९७’ हे ‘अठराशे सत्त्याण्णव’ म्हणायचं आणि भागभर तसंच.

भाग प्रसिद्ध झाल्यावर शीटला तिसरं पान लावायचं, ‘दुरुस्त्या’. कुणी काय कळवलं, आपण काय तपासलं, पुढच्या भागात सांगितलं का. टिळकांच्या खटल्याची दुरुस्ती मी पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच दीड मिनिट सांगितली. लोक नाराज होतील असं वाटलं होतं. त्या दीड मिनिटावर जितक्या मेल आल्या तितक्या मूळ भागावर आल्या नव्हत्या.

अ‍ॅप. झोटेरो घ्या, फुकट आहे. ब्राउझरमधलं बटण दाबलं की लेखकाचं नाव, तारीख, पानाची प्रत सगळं आपोआप साठतं, पीडीएफवर खुणा करता येतात. पण झोटेरो हे कपाट आहे, त्यात स्रोत राहतात, विधानं शीटमध्येच. दोन्ही जोडायला झोटेरोतल्या नोंदीचं छोटं नाव शीटच्या ‘कुठून’ रकान्यात टाकायचं. नोशन वाईट नाही, पण ते सजवण्यात माणसं दोन आठवडे घालवतात. फोनवर काही दिसलं तर ते टाकायची जागा एकच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप असेल तर व्हॉट्सअ‍ॅप, आणि रोज रात्री ती रिकामी करा: एक तर ओळ बनते, नाही तर पुसली जाते.

आत्ता उघडे असलेले दोनशे टॅब एकेक वाचत बसू नका. ‘सगळे टॅब बुकमार्क करा’ हा पर्याय असतो, आजच्या तारखेच्या फोल्डरमध्ये ढकला आणि ब्राउझर बंद करा. मग कागद घेऊन बारा प्रश्न. एखाद्या प्रश्नाचं उत्तर तिथं होतं असं पक्कं आठवलं तरच ते फोल्डर उघडायचं. माझं पहिलं फोल्डर सहा वर्षांपूर्वीचं आहे, आतापर्यंत दोनदा उघडलंय.

त्या वकिलांना मी आता भाग यायच्या आधीच शीट पाठवते. मागच्या खेपेला त्यांनी तीन हिरव्या ओळी पिवळ्या करून परत पाठवल्या. त्यांतल्या दोन त्यांच्या बरोबर निघाल्या, एक माझी.